अश्वशक्ती आणि हमीपत्र

माणसाला हाती आलेली वस्तू आहे तशी कधी पुरत नाही. घर बांधले की त्यावर माडी हवी, बैलजोडी घेतली की ती शर्यतीत कितपत पळते ते पाहायला हवे, आणि मोटार घेतली की ती दुसऱ्याच्या मोटारीपेक्षा चार पावले पुढे जायला हवी. या हौसेला मी नावे ठेवणार नाही. हौस नसती तर आपण अजून छकड्यातूनच सासुरवाडीला गेलो असतो. माझे मागणे एवढेच, की वस्तूबरोबर जे कागद येतात ते हौशी माणसाने एकदा तरी वाचावेत. यंदाच्या दिवाळीला या सदरात त्या कागदांविषयीच चार शब्द लिहितो.

निमित्त आमच्या गावातलेच आहे. परळीहून तेलगाव, वडवणीमार्गे बीडला जाताना वाटेत सिरसाळा लागते. आजूबाजूला कापूस आणि ऊस. दसरा झाला की निम्मा मुलूख कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतो. अशा गावातला एक मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला आणि त्याने बँकेचे कर्ज काढून एक बुटकी, रुंद, तांबडीभडक मोटार घेतली. तिला म्हणे स्पोर्ट्‌स कार म्हणतात. दसऱ्याला तो गावी आला तेव्हा पोरांनी गाडीभोवती कोंडाळे केले, आणि त्याच्या वडिलांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "हिच्यात कापसाची किती गाठोडी बसतील?"

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. हातात यादी होती. नवा एअर फिल्टर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, गाडी जमिनीलगत बसवणाऱ्या स्प्रिंगा, रुंद चाके, आणि इंजिनाची ताकद वाढवणारी ती प्रसिद्ध 'चिप'.

"काका, तुम्ही सगळं वाचून लिहिता. ह्यातलं काय बसवलं तर कंपनीची वॉरंटी जाणार न्हाई, तेवढं सांगा. अजून दोन वर्षं शिल्लक हाये."

प्रश्न साधा होता, पण त्याच्यामागे बापाच्या उसाचे बिल उभे होते. अशा गाडीचा टर्बो किंवा गिअरबॉक्स गेला तर दुरुस्तीला लागणारा पैसा आमच्याकडे उभ्या पिकातूनच काढावा लागतो. आणि अशा मोटारीचा अधिकृत कारखाना काही सिरसाळ्याच्या वेशीवर नाही. म्हणून मी त्याच्याकडून ते हमीपत्र मागून घेतले आणि दोन दिवस नीट वाचले.

आधी हमी म्हणजे काय ते पाहू. मोटार बनवणारा सांगतो, की ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांतले जे आधी संपेल तोवर, मालात किंवा जोडणीत दोष निघाला तर तो मी पदरच्या खर्चाने दुरुस्त करून देईन. टायर झिजले, ब्रेकचे पॅड संपले, क्लच घासला, तर तो वापराचा झिजवा. तो हमीत येत नाही. आणि मालकाने केलेल्या बदलामुळे काही बिघडले तर तेही येत नाही. सारा वाद या 'मुळे' शब्दावर आहे.

याविषयी बाजारात दोन समज आहेत. एक म्हणतो, बाहेरचा एक बोल्ट जरी लावला तरी सगळी वॉरंटी गेली. दुसरा, म्हणजे बहुधा तो बोल्ट विकणारा, म्हणतो, काही होत नाही, बिनधास्त लावा. दोघांचेही ऐकू नये.

अमेरिकेत १९७५ साली मॅग्नुसन-मॉस नावाचा हमीविषयीचा कायदा झाला. माझ्याच बनावटीचा सुटा भाग वापरला तरच हमी पाळीन, अशी अट त्या कायद्याने सहसा घालता येत नाही. बाहेरच्या भागामुळे नुकसान झाले असे कंपनीचे म्हणणे असेल तर ते तिने दाखवून द्यावे लागते. त्यामुळे न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींना या बाबतीत पाय टेकायला निदान एक पायरी आहे. आपल्याकडे त्या नावाचा कायदा नाही. पण २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रीला मिळू न देणे हा त्यांचा अपराध. त्याच आदेशात आयोगाने बजावले, की गाहकाने बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाचा वाद पुढे लांबला. तरी तत्त्व ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मात्र हा आदेश दुरुस्तीविषयी आहे. ताकद वाढवण्याचा तो परवाना आहे असे कोणी समजू नये.

एवढे ध्यानात घेऊन मी त्या मुलाच्या यादीचे तीन ढीग केले. कसोटी एकच ठेवली: हा भाग गाडीच्या कशाला हात लावतो?

पहिल्या ढिगात ज्या गोष्टींची इंजिनाला खबरच लागत नाही त्या. कंपनीने पुस्तकात दिलेल्या मापाचे, तेवढाच भार आणि वेग सोसणारे, पण चांगल्या पकडीचे टायर. उष्णतेला टिकणारे ब्रेकचे पॅड. वेळच्या वेळी बदललेले ब्रेक ऑइल. नीट जुळवलेली चाके आणि नीट रोखलेले दिवे. यांनी इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची हमी धोक्यात येण्याचे कारण नाही. फार तर त्या ब्रेकविषयीच तक्रार आली तर कंपनी तुमच्या पॅडकडे बोट दाखवील.

दुसऱ्या ढिगात गाडीच्या श्वासाशी आणि सांध्यांशी खेळणाऱ्या गोष्टी. फिल्टर बदलला की इंजिन जास्त हवा घेते असे सांगतात. पण धुऊन, तेल लावून वापरायच्या फिल्टरला तेल जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर बसते आणि संगणकाला चुकीचे माप मिळते. शिवाय आमच्याकडची धूळ! उन्हाळ्यात नांगरट चालू असताना जो फिल्टर धूळ अडवील तोच चांगला. हवा जास्त सोडणारा नव्हे. सायलेन्सरचा शेवटचा तुकडा बदलला तर इंजिनाला फारसा फरक पडत नाही, पण धूर शुद्ध करणारा भाग काढला की हमीही जाते आणि कायदाही मोडतो. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांनी शॉक ॲब्सॉर्बरचा आणि चाकांच्या बेअरिंगचा हक्क सांगणे अवघड होते. आणि आमच्या रस्त्यावरचे गतिरोधक पाहता अशी गाडी गावात शिरण्यापूर्वीच पोटावर बसेल.

तिसऱ्या ढिगात चिप एकटी. हिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळा मोह हिच्यात आहे. हल्लीच्या इंजिनात किती इंधन सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोने हवा किती दाबायची, हे सारे एक संगणक ठरवतो. त्याची आज्ञावली बदलली की टर्बोच्या गाडीत एकही पाना न लावता वीस-पंचवीस टक्के ताकद वाढते. जादूच म्हणायची. पण ती ताकद येते कोठून?

चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आपल्याकडे २०१३ साली आली आणि हौशी मंडळींची लाडकी झाली. तिचे इंजिन १७५ न्यूटन-मीटर पीळ देत असे, आणि तिचा सात गिअरांचा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स २५० पर्यंत सोसण्यासाठी आखलेला होता. मधले हे ७५ हौशी माणसाला फुकट पडलेले धान्य वाटते. पण बनवणाऱ्याने ती शिल्लक उगीच ठेवलेली नसते. मे महिन्यातले मराठवाड्याचे ऊन, घाटातला चढ, शहरातली तासभराची कोंडी, पंपावरचे बरेवाईट पेट्रोल, या सगळ्यांसाठी ती ठेवलेली असते. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. बियाण्याची पोती घरात असली म्हणून कोणी ती दळायला नेत नाही.

पेट्रोलचेही असेच. परदेशात आखलेल्या कित्येक आज्ञावल्या तिकडच्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेल्या असतात. आपल्या पंपावर २०२५ पासून सर्वत्र वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यातले काही इथेनॉल आमच्या उसातूनच येते, याचा मला अभिमान आहे. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरे, पण लिटरमागे उष्णता सुमारे सहा-सात टक्क्यांनी घटते, म्हणून तेवढ्याच कामाला इंधन जास्त सोडावे लागते. तेव्हा चिप विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा: ही कोणत्या पेट्रोलसाठी आखली आहे? उत्तर देताना तो चाचरला तर पाकीट खिशातच ठेवावे.

"पण काका, सर्व्हिसिंगला न्यायच्या आधी जुनी आज्ञावली परत टाकता येती म्हणतात. कोणाला कळतंय?"

कळते. अनेक गाड्यांचा संगणक आपल्यावर किती वेळा लिहिले गेले ते मोजून ठेवतो. अमेरिकेत फोक्सवॅगन समूहाच्या विक्रेत्यांना बदललेली आज्ञावली आढळली की त्या गाडीच्या नोंदीवर 'टीडी१' अशी खूण पडते, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या हमीचा दरवाजा बहुधा बंद होतो. शिवाय लपवून मिळवलेल्या हमीला हमी म्हणायचे की लबाडी, हाही प्रश्न आहेच. तो मी त्याच्यावरच सोपवला.

हमी सांभाळली तरी आणखी दोन दारे ओलांडायची राहतात. एक आरटीओचे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की नोंदणीपत्रातले तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा बदलाला आता बदलागणिक पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. दुसरे दार विमा कंपनीचे. तिला न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर दाव्याच्या वेळी तोच बदल तुमच्याविरुद्ध साक्षीला उभा राहतो.

मुलगा थोडा हिरमुसला. म्हणाला, "काका, मग घोडा घेऊन टांग्यालाच जुंपायचा का?"

मी म्हणालो, "बाबा, घोडा पळवच. पण आधी लगाम बघ." मराठवाड्याला वेगाचे वावडे नाही. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली, आणि २०१७ साली तिचा २३० अश्वशक्तीचा वेगवान अवतार आपल्या बाजारात आला. घोडे आपल्याकडे भरपूर झाले आहेत. पण गळिताचा हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यावर रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, आणि कित्येकांना मागे दिवाही नसतो. ताशी ८० वरून १०० वर गेले की वेग सव्वापट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी शक्ती दीडपटीहून जास्त होते. अंधारातून उसाचा डोंगर अचानक समोर आला की जादा तीस घोड्यांचा उपयोग शून्य. तेथे टायर, ब्रेक आणि दिवा एवढेच मित्र. योगायोग असा, की हमीला धक्का न लावणारा ढीगही नेमका हाच आहे.

त्याने टायर आणि पॅड घेतले, सायलेन्सर खोडला, आणि चिपचा विचार हमी संपेपर्यंत पुढे ढकलला. मला हे पुरेसे वाटले. तरुण माणसाकडून कायमचा संन्यास मागू नये.

वाचकांपैकी कोणाच्या घरात अशी तांबडी मोटार असेल, किंवा यंदाच्या पाडव्याला येणार असेल, तर एवढे करा. हमीपत्रातले 'काय झाकले जात नाही' हे पान आधी वाचा. कोणताही भाग बसवण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. काउंटरवरच्या 'चालतंय की साहेब' या शब्दांना कागदावर किंमत नसते. कंपनीच्याच यादीतला भाग मिळत असेल तर तो घ्या, म्हणजे दोष कोणाचा हा वादच उरत नाही. काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नका. बिले जपा, सर्व्हिसिंग एकदाही चुकवू नका. आणि तरीही हमी नाकारली, तर कोणत्या बदलामुळे काय बिघडले, ते लिहून मागा. कंपनीचे कार्यालय कोठेही असले तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. आमच्या सिरसाळ्याच्या माणसाला बीडचा ग्राहक आयोग आहे. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

मोटारीच्या पुस्तकात सगळ्यांत कमी वाचले जाणारे पान हमीचे असते आणि सगळ्यांत महाग पडणारेही तेच. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. यंदा हळदकुंकू वाहण्यापूर्वी ते पान उघडून वाचले, तर लक्ष्मीला राग येईल असे मला वाटत नाही.