कायदा आणि कुटुंब : रुग्णालयाचे कागद

६ मे १९५३ रोजी सायंकाळी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातील डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. मुलाचे वडील स्वतः दौंडचे डॉक्टर होते. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास टॅक्सीने करून मुलाला पुण्यास आणले गेले. ९ मे रोजी तेथील एका खासगी रुग्णालयात हाड बसवून प्लास्टर घालण्यात आले आणि त्याच रात्री मुलगा दगावला. पुरेशी भूल न देता, अवाजवी जोर लावून हाड ओढले गेले आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी वडिलांच्या बाजूचा निर्णय कायम केला. भरपाई मिळाली ३,००० रुपये.

पंधरा वर्षे आणि तीन हजार! व्यापारी मनाला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल. परंतु आज देशातील प्रत्येक रुग्णाच्या हक्काचा पाया याच निकालात आहे. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. यशाची हमी मात्र कायदा मागत नाही. उपचार फसला, रुग्ण वाचला नाही, एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी तर तो अत्यंत ठळक स्वरूपाचा असावा लागतो, हे जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली स्पष्ट झाले. म्हणून दुःखाच्या भरात पोलीस ठाण्याकडे धावणाऱ्यांच्या हाती बहुधा काही लागत नाही. आणि रुग्णालयात तोडफोड केल्यास महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

भरपाईचा सोपा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. त्या निकालातील एक भाग आपल्या समाजाने विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण आपल्यापैकी अनेकजण धर्मादाय दवाखान्यांचे विश्वस्त आहेत. जे रुग्णालय सर्वांनाच विनामूल्य सेवा देते ते या कायद्याबाहेर राहते; केवळ नाममात्र नोंदणी शुल्क घेतल्याने त्यात फरक पडत नाही. परंतु जेथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात, तेथे विनामूल्य उपचार झालेला गरीबही तक्रार करू शकतो. दानशूर हेतू हा बचाव ठरत नाही. व्यवसायविम्याचा हप्ता भरला आहे का, हे विश्वस्तांनी पुढच्याच बैठकीत विचारावे.

पालघर, बोईसर, तारापूर भागातील कुटुंबांना दुसरी एक तरतूद मोलाची आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आपण मुंबईस किंवा वापीस जातो, आणि काही बिनसले तर तेथे खेटे कोण घालणार, या विचाराने गप्प बसतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते, मग रुग्णालय गुजरातेत का असेना. आयोगाचा स्तर प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवरून ठरतो. ५० लाखांपर्यंतचे प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. गुंतागुंतीच्या प्रकरणात तो घेणेच शहाणपणाचे, हे माझे मत. मुदत दोन वर्षांची. उशिराचे सबळ कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये.

आता कागदांविषयी. दुकानाची पावती आपण वर्षानुवर्षे जपतो. इस्पितळाची फाइल मात्र विम्याची रक्कम मिळाली की रद्दीत जाते. रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्यात आणि भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. केवळ घरी जातानाचा सारांश घेऊन थांबू नये. केसपेपर, परिचारिकांच्या तासागणिक नोंदी, भुलीची नोंद, संमतीपत्र, तपासण्यांचे अहवाल अशा सर्वांची प्रत लेखी अर्जाने मागावी आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर पोहोच घ्यावी. वाद नसतानाही हे करावे, कारण पुढचा डॉक्टर हेच कागद मागतो. मूळ प्रती विमा कंपनीस देण्यापूर्वी झेरॉक्स काढून ठेवावी.

मुंबई–अहमदाबाद महामार्ग आपल्या दारावरून जातो, म्हणून अपघाताविषयीही थोडे. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जखमीला आपल्या राहत्या वा व्यवसायाच्या ठिकाणी दावा करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. धडक देऊन वाहन पळाले तरी मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची तरतूद आहे. टेम्पोमालक चार हजार रुपये हातावर ठेवून ‘प्रकरण मिटले’ असे लिहून मागतो, त्या वेळी हाडाचा एक्स-रे होईपर्यंत तरी सही करू नये.