वॅटांचं पीक

आमच्या गाडीतल्या चार स्पीकरांसाठी अ‍ॅम्प्लिफायर आणायला मी एकटाच गेलो, ही पहिली चूक. खोक्यावर टरबुजाएवढा आकडा होता: १००० वॅट! 'काचा हादरतील, साहेब,' दुकानदार म्हणाला. काचा शाबूत आहेत. पंधरा दिवसांत ट्विटर तेवढे गेले. 'तुमचे स्पीकरच हलके,' हा निकालही त्यानेच दिला.

मग मी तो डबा उलटा केला. मागे फ्यूज १० अँपिअरचा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना १४ धरा. १४ दाहे १४०. म्हणजे आत शिरणार फार तर १४० वॅट, त्यातलेही बरेचसे डबा तापवण्यात जाणार, आणि बाहेर पडणार हजार? हा अ‍ॅम्प्लिफायर की द्रौपदीची थाळी?

'ती पीक पॉवर असते, साहेब!' अहो, पीक शेतात येतं. गाणं आरएमएसवर चालतं! माझे स्पीकर प्रत्येकी ६० वॅट आरएमएस, ४ ओहमचे. त्याच ओहमला साधारण तेवढेच आरएमएस वॅट देणारा हवा होता. याचा जीव एका स्पीकरमागे जेमतेम वीसचा. अशा अशक्ताचा कान पिळत गेलं की लहरींचे शेंडे सपाट छाटले जातात आणि नाजूक ट्विटर आधी जळतो. तरी 'लहान घ्यावा, धोका नको' म्हणणारे शहाणे भेटतातच.

पुढच्या खेपेला हिला नेणार आहे. भाजीवाल्याच्या काट्याखाली हात घालून बघणारी बाई! म्हटलं, खोका बघू नकोस, आधी फ्यूज विचार.

'मग तुम्ही का नाही विचारलात?' ही म्हणाली.