फुटांत मोजलेले सामर्थ्य

प्राचीन इजिप्तच्या पुतळ्यांचा दाखला अलीकडे मराठीत एका ठरावीक कामासाठी दिला जातो. कोठे उंच पुतळ्याची घोषणा झाली आणि कोणी खर्चाचा किंवा जागेचा प्रश्न काढला, की उत्तर तयार असते : फॅरोंनी केले, मग आम्ही का करू नये? इजिप्तच्या शिल्पांतले सामर्थ्य त्यांच्या आकारात आहे, हे या उत्तरामागचे गृहीतक. रायगडच्या किनारपट्टीवर मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना ते अमान्य आहे. ते इजिप्तवर अन्याय करतेच. आमच्या दारातल्या शिल्पांवर त्याहून अधिक करते.

अबू सिंबेलचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या रामसेसचे चार बैठे पुतळे, प्रत्येकी सुमारे वीस मीटर, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातले. आकार प्रचंड खराच. पण तो एकटा काही बोलत नाही. हात मांड्यांवर टेकलेले, पाय सिंहासनाच्या दगडापासून न सोडवलेले, नजर समोर. हालचालीची शक्यताच शिल्पकाराने काढून घेतली आहे. हा राजा कोठे जाणार नाही, तुम्हीच त्याच्यापाशी येणार. राणी आणि राजपुत्र त्याच्या पायांशी, जेमतेम गुडघ्याएवढे. आणि हे सारे राजधानीपासून दूर, नूबियाच्या भूमीत, नाईलकडे तोंड करून. नदीने येणाऱ्याने काय पाहावे हे आधी ठरले, मग डोंगर कापला गेला. उंची ही त्या वाक्यरचनेतील एक संज्ञा आहे, वाक्य नव्हे.

याच रामसेसने पूर्वीच्या राजांच्या पुतळ्यांवर स्वतःचे नाव कोरून ते आपलेसे केले. स्वतःचे नाव मात्र त्याने इतके खोल कोरवले की पुढच्याला ते सहजी घासून काढता येऊ नये. हॅटशेप्सुटच्या पुतळ्यांची तोडफोड तिच्या मागून आलेल्या तिसऱ्या थुटमोसच्या कारकिर्दीत झाली होती, हे त्या देशाने पाहिले होते. सत्तेच्या शिल्पात भीतीचाही वाटा असतो, हे ज्यांना दिसत नाही त्यांनी इजिप्तचा दाखला देण्याची घाई करू नये.

आता आमच्या किनाऱ्याकडे वळू. मुरूड-जंजिऱ्याच्या दरवाजावर एक वाघासारखा पशू कोरलेला आहे. त्याने पंजांखाली आणि शेपटीच्या विळख्यात हत्ती धरले आहेत. प्रवासी होडीतून उतरताना त्याची छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. वस्तुतः सामर्थ्याच्या भाषेचा एवढा नेमका नमुना या पट्टीत दुसरा क्वचितच असेल. निजामशाही, आदिलशाही, मोगल अशा बड्या सत्तांच्या आश्रयाने आणि कुरापतींतून टिकलेले सिद्दींचे हे छोटे राज्य. त्याच्या दारावर हत्ती चिरडणारा पशू! आकाराने लहान, जागा मात्र अचूक : होडी लागते तेथेच, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. त्याच्या उत्तरादाखल शिवाजी महाराजांनी जवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला आणि त्याच्या बुरुजाच्या चर्या कमळाच्या पाकळ्यांच्या घडवल्या गेल्या. पशूला पशूने उत्तर न देण्यातली ही ऐट आम्हाला फार मोलाची वाटते.

घारापुरी तर आमच्याच उरण तालुक्यातली. सहाव्या शतकातला सदाशिव सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे अबू सिंबेलच्या एका पुतळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. उन्हातून काळोखात शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत तो नीट दिसतही नाही, आणि दिसतो तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. त्याच लेण्यात कैलास हलवणारा रावण आहे. पर्वत पेलणारे बाहू एका बाजूला, वर स्वस्थ बसलेला शिव दुसऱ्या बाजूला. बळ आणि सत्ता यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कसा सांगावा? पोर्तुगीज काळात येथल्या मूर्तींची हानी झाली, शिलालेख गेला. कर्त्याचे नाव अभ्यासकांना तर्कानेच सांगावे लागते, बहुतेकांचा कल कलचुरींकडे आहे. खुद्द बेटाला एलिफंटा हे नाव देणारा दगडी हत्तीही १८६४ मध्ये तुकड्यांनी मुंबईस गेला आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडला गेला. आता तो भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. असो.

या पार्श्वभूमीवर आमच्या काळातले पुतळे पाहावेत. अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. मच्छीमारांनी आपल्या पाण्याचा प्रश्न मांडला होता, तो चर्चेत मागे पडला; चर्चा झाली ती उंचीची. २०१८ मध्ये गाजले ते असे, की एकूण उंची राखून मूर्ती कमी करावयाची आणि तलवार वाढवावयाची! ज्या राजाची मूर्ती घडवावयाची त्याच्या देहापेक्षा आकडा मोठा ठरला, याहून अधिक टीका आम्ही काय करावी? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर काम थांबले. मालवणच्या राजकोटावरचा पस्तीस फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावृत झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही भरले नव्हते. २०२५ मध्ये त्या जागी नवा पुतळा आला, अर्थातच आधीच्याहून उंच.

राजकोटासमोरच पाण्यात सिंधुदुर्ग आहे. तेथे राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, १६९५ चे. त्यातली महाराजांची मूर्ती बैठी, लहान, डोक्यावर नेहमीच्या जिरेटोपाऐवजी वेगळीच टोपी. तिची पूजा आजही होते.

येथे आमच्यावर आक्षेप येईल, की लोकांची भक्ती तुम्हाला दिसत नाही. दिसते. रामसेसच्या भव्य पुतळ्यांनाही सामान्य माणसे देव मानून पूजत, त्याच्या राजधानीतल्या शिळांवर ते कोरलेले आहे. भक्तीशी आमचे भांडण नाही. भक्तीच्या नावाने फूट आणि मीटर मोजणाऱ्यांशी आहे, आणि त्या मोजणीला इजिप्तचा मुलामा देणाऱ्या आमच्याच व्यवसायबंधूंशी आहे, ज्यांनी किमान मूर्ती वाचावयास शिकवावयाचे होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यांत रायगड आहे, खांदेरी आहे, पद्मदुर्ग नाही. त्याच्या पाकळ्यांना खारा वारा खातो आहे. आणि रायगडावर, ज्याने तो गड बांधला त्या हिरोजी इंदुलकराने आपले नाव कोरले ते जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याची पावले पडतील अशा ठिकाणी. रामसेसच्या खोल कोरलेल्या नावाशेजारी ही पायरी ठेवून सत्तेच्या शिल्पभाषेवर एक प्रश्न विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत यावा, एवढी साधी मागणी आम्ही करतो.