गाईडचे पैसे कशाचे?

मेळघाटात पक्षी पाहायला जायचा बेत निघाला की आम्हा शिक्षकांच्या घोळक्यात आधी खर्चाचा हिशोब मांडला जातो. गाडी, डिझेल, मुक्काम, जेवण यावर कोणाची हरकत नसते. गाईडच्या पैशांवर मात्र कोणीतरी हमखास अडतं. "दुर्बीण आहे, पुस्तक आहे, मोबाईलमध्ये ॲप आहे. मग गाईड कशाला?" व्याघ्र प्रकल्पात गाडीसोबत गाईड घ्यावाच लागतो, म्हणून तो घेतला जातो, पण टोल भरावा तसा. आणि दिवसभर त्या बिचाऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो, "वाघ कुठंय?"

माझं मत असं आहे की हे पैसे ज्ञानाचे आहेत. आपण शाळेत ज्याचा पगार घेतो, त्याच जातीचे.

रानपिंगळ्याचंच उदाहरण घ्या. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८७३ मध्ये शास्त्राच्या नोंदीत आला. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद मिळेना. मधल्या काळात मायनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर १९१४ ची खोटी चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून अभ्यासक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. ही लबाडी पॅमेला रासमुसेन यांनी उघडी पाडली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसोबत शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा पाहिला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटातही तो सापडला आणि आज हे जंगल त्याचं मोठं आश्रयस्थान मानलं जातं. पक्षी हरवलाच नव्हता. कागदावरचा पत्ता चुकला होता.

खरा पत्ता रोज त्या रानात वावरणाऱ्यालाच ठाऊक असतो. रानपिंगळा आणि आपल्या गावातला साधा पिंगळा दिसायला जवळपास सारखे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं. एवढं पुस्तक सांगतं. पण तो भरदिवसा कोणत्या नाल्याकाठच्या सागावर बसतो, पानगळ झाल्यावर कुठे सरकतो, हे पुस्तकात नसतं.

पुस्तकांतलं ज्ञान तरी आलं कुठून? मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून मला पक्ष्यांच्या नावांचं नवल वाटतं. 'शिक्रा' हे नाव शिकारी या शब्दाच्या घराण्यातलं. ते मराठीत आहे, उर्दूत आहे आणि इंग्रजांनीही जसंच्या तसं उचललं. बाज, शिक्रे पाळणाऱ्यांची आणि पक्षी धरणाऱ्यांची ही बोली. बिहारमधला मीरशिकार समाज पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करायचा. त्याच समाजातल्या अली हुसेन यांची कला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ओळखली. पक्ष्याला इजा न होऊ देता पकडून त्याच्या पायात कडी घालण्याच्या कामात त्यांनी शास्त्रज्ञांना साथ दिली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात तर सायकलरिक्षा ओढणारी माणसं पक्ष्यांची जाणकार झाली आणि जगभरातून आलेल्या पाहुण्यांना पक्षी दाखवू लागली. हातात पदवी नव्हती. इल्म मात्र पक्का होता.

मेळघाटातल्या कोरकू माणसाकडे तर वेगळी भाषाच आहे. कोरकू ही संथाली, मुंडारीच्या कुळातली. मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. म्हणजे तिथल्या झाडापाखरांची नावंही वेगळी, आणि त्या नावांत साठवलेली माहितीही. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. त्यानंतर गाभ्यातली कित्येक गावं उठली, काही आपल्या अकोट-तेल्हाऱ्याच्या पट्ट्यात येऊन वसली. होळी झाली की कितीतरी कुटुंबं कामासाठी खाली उतरतात. वीटभट्टीवर गेलेल्या पोराला पाखराचा आवाज कोण शिकवणार? रानाची माहिती असण्याला रोजी मिळाली, तरच बाप ती मुलाला देईल. नाहीतर एका पिढीत ती संपेल, आणि ती परत शोधायला कुठलाही रासमुसेन येणार नाही.

म्हणून अकोटमार्गे शहानूरला, नरनाळ्याच्या पायथ्याशी जाल तेव्हा काही गोष्टी पाळा. वनविभागाने ठरवलेली फी कमी करायला घासाघीस करू नका. शहरातून जाणकार सोबत नेला असला, तरी स्थानिक गाईडचा मान त्याला देऊ नका. निघण्याआधीच सांगा, "भाऊ, आम्हाला पाखरं पाहायची आहेत, वाघाची घाई नाही." मग तो गाडी कुठे थांबवायची ते ठरवेल. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा हट्ट धरू नका. तो नको म्हणाला तर ऐका. प्रत्येक पाखराचं कोरकू नाव विचारा आणि वहीत लिहून घ्या. सोबत मुलं असतील तर त्यांनाच विचारू द्या. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याच्या हातात मजुरी पडावी, हे आपण मुलांना शिकवतो. इथे ते करून दाखवा.

आणि त्याला 'ए' म्हणून हाक मारू नका. आपल्याला कोणी 'ए मास्तर' म्हटलं तर कसं वाटतं, ते आपल्याला चांगलंच माहीत आहे.