पिक्चरचा रंग कोणता?

दर शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या ग्रुपवर युद्ध पेटतं. विषय एकच : उद्या कुठला पिक्चर?

आम्ही चौघं. चौघंही हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षं घालवणारे. नावं सांगत नाही, कारण तिघंही हे पान वाचतात आणि मला ग्रुपमध्ये राहायचंय. टोपणनावांवर भागवून घ्या.

पहिला प्रोफेसर. ह्याला सबटायटल नसलेला पिक्चर अळणी लागतो. जानेवारीत पुण्यात फिल्म फेस्टिवल आला की साहेब ऑफिसातून ‘व्हायरल’ घेतात आणि दिवसाला चार पिक्चर बघतात. दुसरी भूत. म्हणजे पोरगी गोड आहे, पण हॉररशिवाय काही बघत नाही. तिसरा सिंगल-स्क्रीन. मूळचा कोल्हापूरचा. हिरोच्या एन्ट्रीला शिट्टी वाजली नाही तर तिकिटाचे पैसे परत मागावेत, अशा मताचा. आणि चौथा मी. मला सगळंच आवडतं. खरं सांगायचं तर, जो समोर बसलाय त्याला जे आवडतं ते मला आवडतं. एका इराणी पिक्चरमध्ये मी मध्यंतरापर्यंत झोपलो होतो आणि बाहेर आल्यावर प्रोफेसरला म्हणालो, “काय सायलेन्स वापरलाय यार!”

तर २०२४च्या सप्टेंबरमध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरला लागला. २०१८ साली पहिल्यांदा आला तेव्हा फार कुणी गेलं नव्हतं. मग लोकांनी तो घरी, मोबाइलवर बघितला आणि हळहळले. दुसऱ्या वेळी मात्र गर्दी झाली, इतकी की पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला. आमच्या ग्रुपच्या इतिहासात पहिल्यांदाच एका पिक्चरवर चौघांचं एकमत झालं. भूत खूश, कारण हॉरर. प्रोफेसर खूश, कारण तो व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकला दाखवला गेला होता. सिंगल-स्क्रीन खूश, कारण मोठा पडदा. मी खूश, कारण भांडण नाही.

गणपतीचे दिवस होते. पेठांमधून बाइक काढणं म्हणजे दिव्य. त्यामुळे शो संपल्यावर जवळच्याच अमृततुल्यवर थांबलो. बाहेर बारीक पाऊस, आत डोक्यात अजून तो पिक्चरमधला पाऊस. छान चाललं होतं. आणि प्रोफेसरने तोंड उघडलं.

“मुळात हा हॉरर नाहीच.”

भूतने कप खाली ठेवला. “मग काय आहे? कौटुंबिक?”

“हे पेंटिंग आहे. त्या वाड्यातला अंधार बघ, तो लाल रंग बघ, कंदिलाचा उजेड बघ. हॉररवाल्यांना कुठे जमतं हे?”

“वा रे वा!” भूत उसळली. “चांगला निघाला की आमचा नाही, वाईट निघाला की आमचा! म्हणजे हॉरर कधी चांगला निघूच शकत नाही, नाही का? त्याला फिल्मफेअर मिळाली ती कशासाठी? कॅमेरा, कलादिग्दर्शन आणि साउंडसाठी. भीती ह्याच तीन गोष्टींनी घालतात, शहाण्या!”

मुद्दा बिनतोड होता. एरवी इथेच विषय संपला असता. पण हरणारा माणूस नवीन आघाडी उघडतो. समोरच्या चौकात मंडळाचा भलामोठा फ्लेक्स लागला होता, वर पंधरा-वीस कार्यकर्त्यांचे हसरे चेहरे. प्रोफेसर तिकडे बोट दाखवून म्हणाला, “जॉनर पिक्चर म्हणजे हे. पूर्वी थिएटरवर ती रंगवलेली बोर्डं असायची ना, तसं. लांबून भडक आणि जवळून काहीच नाही. ते रंगारीकाम. कला वेगळी.”

आणि मी, समोरच्याला आवडेल ते बोलणारा मी, म्हणालो, “भिंती रंगवायचा कंटाळा आला म्हणून हिरो रंगवले!”

प्रोफेसर हसला. मी हसलो. सिंगल-स्क्रीनने चहा संपवला, पैसे ठेवले आणि म्हणाला, “चला, उद्या लवकर उठायचंय.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

पुढचा पूर्ण आठवडा ग्रुपवर त्याचा एक शब्द नाही. शुक्रवारी युद्धही नाही. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. शेवटी भूतने मला लंचला गाठलं.

“त्याचे बाबा काय करायचे, माहितीये?”

“ॲडव्हर्टायझिंगमध्ये होते ना कोल्हापुरात?”

“हो. वीस फुटी.”

मला कळायला दोन सेकंद लागली. मग घशातला घास खाली जाईना.

प्रोफेसरला सांगितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक. माणूस वाईट नाहीये तो. फक्त त्याला सॉरी म्हणता येत नाही, त्याऐवजी तो अभ्यास करतो. रविवारी आम्ही तिघं वारज्याला सिंगल-स्क्रीनच्या फ्लॅटवर निघालो, तर हा रस्ताभर लेक्चरची तालीम करत होता. हुसेन मुंबईत सुरुवातीला पिक्चरची बोर्डं रंगवायचे. आणि त्याच हुसेनांच्या शॉर्टफिल्मला १९६७ साली बर्लिनला गोल्डन बेअर मिळालं. बाबूराव पेंटर कोल्हापूरचेच, मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेरा बनवला, कंपनी काढली, १९२५ला ‘सावकारी पाश’ केला, पिक्चरची पोस्टरंही स्वतः रंगवली. शांताराम, दामले, फत्तेलाल, सगळे त्यांच्या हाताखाली तयार झाले.

“म्हणजे तुझा लाडका ‘संत तुकाराम’,” भूत मागच्या सीटवरून म्हणाली, “ज्याचं तू दर आषाढीला व्हेनिस १९३७ करून डोकं खातोस, तो कुणी केला?”

“दामले-फत्तेलाल.”

“आणि ते कुणाचे शिष्य?”

“... पेंटरांचे.”

“रंगाऱ्याचे,” भूत म्हणाली. पुढचं सगळं अंतर शांततेत पार पडलं.

दार काकांनी उघडलं. “या की! हा म्हणला न्हाई तुम्ही येणार ते.” त्याने आधी आमच्याकडे बघितलं, मग काकांकडे, मग परत आमच्याकडे. त्या एका नजरेत कळलं की घरात त्याने काहीच सांगितलेलं नाहीये. काकू पोहे टाकायला आत गेल्या. हॉलमध्ये गणपतीचं मखर अजून तसंच होतं आणि मागे कापडावर रंगवलेला पन्हाळा. ढग असे की खिडकी लावून घ्यावीशी वाटावी.

प्रोफेसरने घसा साफ केला. “काका, हुसेनसुद्धा बोर्डं रंगवायचे.”

“व्हय, ऐकलंय की,” काका म्हणाले. “त्यांना सवड मिळाली. आमचं दर शुक्रवारी नवं बोर्ड. रंग वाळायच्या आत पिक्चर उतरायचा.”

लेक्चर तिथेच आटोपलं. मग काका बोलायला लागले आणि आम्ही दीड तास ऐकत बसलो. मुंबईहून छोटा फोटो यायचा. त्याच्यावर पेन्सिलीने चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर आखायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. जागा कमी, म्हणून तुकड्यातुकड्यात रंगवायचं आणि थिएटरवर नेऊन जोडायचं. पूर्ण चेहरा कसा झालाय ते पेंटरला पहिल्यांदा रस्त्यावर उभं राहूनच कळायचं. पोरांनी अक्षरं आणि मागचा रंग करायचा, चेहऱ्याला हात फक्त उस्तादांनी लावायचा. काकांना पहिला चेहरा मिळाला तो आठ वर्षांनी.

“आणि जवळून काही दिसत न्हाई, हे खरं हाय,” काका हसत म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला, पण त्यांना काही माहीत नव्हतं. “गालावर निळा मारायचा, कपाळावर पिवळा. शिडीवर असताना नुसते पट्टे दिसतात. एसटी स्टँडवरनं बघितलं की माणूस हुतो. जवळच्यासाठी काढलंच न्हाई ते.”

प्रोफेसर एकदम पुढे सरकला. आता त्याचा आवाज वेगळा होता, लेक्चरवाला नाही. “काका, आणि कुठल्या प्रकारचा पिक्चर आहे हे कसं दाखवायचात?”

“रंगावरनं. मारधाड म्हणजे लाल. कौटुंबिक असला की गुलाबी, जरा आभाळी. भुताचा आला की हिरवा, चेहऱ्याला खालनं उजेड. ‘पुराना मंदिर’च्या वेळी हिरवा रंग संपला होता बाजारातला. एसटीतनं जाणाऱ्या माणसाला खिडकीतनं दोन सेकंद मिळतात. नाव वाचायच्या आत त्याला कळाय पाहिजे की बायकोला न्यायचं का दोस्तांना.”

तीन वर्षं आम्ही जॉनर, जॉनर करत भांडतोय. काकांनी रंगाच्या तीन डब्यांत मिटवलं.

“तुम्हाला कुठला आवडायचा, काका?” भूतने विचारलं.

“एक पण पूर्ण बघितला न्हाई. फुकट पास मिळायचा, पण बसलो की झोप यायची.”

मला काका लगेच जवळचे वाटले.

पुढे फ्लेक्स आला. कॉम्प्युटरवर दाबलं की रात्रीत वीस फूट. काकांनी मग दुकानांच्या पाट्या केल्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, शाळांच्या भिंती. हे सगळं त्यांनी तक्रार न करता, पोहे खाता खाता सांगितलं. तक्रार करत होता तो मुलगा, न बोलता, हातातली डिश तशीच धरून.

निघताना तो सोडायला खाली आला. पार्किंगमध्ये मी म्हणालो, “सॉरी. तो जोक माझा होता.”

“जोक चांगला होता रे,” तो म्हणाला. “म्हणूनच लागला.” मग बाइकच्या आरशाशी चाळा करत म्हणाला, “आणि ॲडव्हर्टायझिंग मीच सांगितलं होतं ना. तुम्ही एक संध्याकाळ हसलात. मी तीन वर्षं लपवलं. कुणी जास्त केलं?”

ह्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. प्रोफेसरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नशिबाने काही बोलला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही पाच जण गेलो. काका मल्टिप्लेक्सच्या लॉबीत एका पोस्टरसमोर थांबले. सहा स्टार, सहा चेहरे, सगळे गुळगुळीत. काका मान तिरकी करून बराच वेळ बघत होते. शो सुरू व्हायला आला होता, पण हलेनात.

“काय झालं, काका?”

“ह्याच्यावर उजेड डावीकडनं, हिच्यावर उजवीकडनं, आणि ह्या मधल्यावर वरनं. सूर्य किती हायत इथं?”

आम्ही बघितलं. खरंच की! सहा जणांचे सहा फोटो वेगवेगळे काढून एकत्र चिकटवलेले. इतकी वर्षं असली शेकडो पोस्टरं बघितली, कुणालाच दिसलं नव्हतं. ‘व्हिज्युअल लँग्वेज’वर तासभर बोलणाऱ्या प्रोफेसरलाही नाही. त्याने गुपचूप मोबाइल काढून पोस्टरचा फोटो घेतला. सिंगल-स्क्रीनने बाजूला उभ्या असलेल्या दोन अनोळखी मुलांना उगीचच सांगितलं, “माझे बाबा. पेंटर आहेत.”

पिक्चर कसा होता विचाराल तर मारधाड, म्हणजे लाल. मला अजिबात आवडला नाही आणि बाहेर आल्यावर पहिल्यांदाच मी तसं सांगून टाकलं. त्यावरून सिंगल-स्क्रीनने मला अर्धा तास झापलं. काका मध्यंतराच्या आधीच झोपले होते.