हरवलेलं मांजर लांब जात नाही

या पानावर दरवर्षी मी इथल्या संसारातली एखादी बारीकशी गोष्ट घेऊन बसते. एका वर्षी बॉयलर झाला, गेल्या वर्षी अलॉटमेंटमधली मेथी झाली. यंदा मांजर. आपल्या मंडळात आता बऱ्याच घरांत मांजर आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही वाचावं, कारण कुणाचं तरी हरवलेलं मांजर उद्या तुमच्या शेडमध्ये निघू शकतं.

इंग्लंडातली दिवाळी माणसांना कितीही गोड लागो, मांजरांना ती मानवत नाही. एरवी इथे रात्री ११ नंतर फटाके वाजवायला बंदी. ५ नोव्हेंबरला, म्हणजे गाय फॉक्सच्या रात्री, १२ पर्यंत मुभा आणि आपल्या दिवाळीच्या रात्री तर १ पर्यंत. दोन्ही सण मागेपुढे येतात, त्यामुळे आमच्या लेस्टरमध्ये पंधरवडाभर धडामधुडूम चालूच. त्यात २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन आलं ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्याच दिवशी. एकीकडे पूजेची तयारी, दुसरीकडे चॉकलेट मागायला येणाऱ्या पोरांची दारावर रांग. अशाच एका खेपेला दार उघडलं, पलीकडे रॉकेट फुटलं आणि आमचा बोका पायांमधून बाणासारखा सुटला.

त्याचं नाव शिरा. केशरी रंगाचा, तुपात परतल्यासारखा तुकतुकीत, चार वर्षांचा. लेकीने ठेवलेलं नाव. लेक आता शिकायला ब्रिस्टलला असते, शिरा आमच्याकडे. घरात मराठी ऐकणारे आम्ही दोघं आणि तिसरा तो.

पहिल्या रात्री मी माहिती काढायला बसले. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १,२१० हरवलेल्या मांजरांचा अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले आहेत. सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश घरापासून ५०० मीटरच्या आतच सापडली. साधारण एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत जिवंत परत मिळाली, वर्षभरात हे प्रमाण ६१ टक्क्यांवर गेलं, पण तीन महिन्यांनंतर फारच थोडी. आणि मालकाने स्वतः पायी फिरून कसून शोध घेतला तर मांजर जिवंत मिळण्याची शक्यता वाढते. म्हणजे फोटो टाकून वाट बघत बसायचं नाही, चपला घालून बाहेर पडायचं.

घाबरलेलं मांजर हाकेला ओ देत नाही, हेही तेव्हाच कळलं. मालकाचा आवाज ओळखीचा असला तरी ते दबा धरून गप्प बसतं. आवाज केला तर आपण सापडू, हे त्याच्या रक्तातच असतं. म्हणून शोधायचं ते रस्ता निजल्यावर, टॉर्च घेऊन, जमिनीलगत प्रकाश टाकत. गाडीखाली, कुंपणाच्या बुडाशी, डेकिंगच्या फटीत. डोळे चमकले की कळतं. रात्री दोन वाजता मी "शिरा, ए शिरा" करत हिंडत होते, तेव्हा शेजारच्या गुजराती बेननी खिडकी उघडून विचारलं, "अत्यारे प्रसाद?" दुसऱ्या रात्रीपासून त्याही कोट चढवून सोबत यायला लागल्या.

दिवसा कागदपत्रांची कामं. इंग्लंडात १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला वीस आठवड्यांच्या आत मायक्रोचिप बसवणं सक्तीचं आहे, नाहीतर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण चिप म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे भलतेच समज आहेत. "चिप आहे ना, मग फोनवर दिसेल की कुठे आहे ते," असं मला तिघांनी सांगितलं. नाही दिसत. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू, तिला बॅटरी नसते. स्कॅनर जवळ धरला की पंधरा आकडी नंबर दाखवते, इतकंच. तो नंबर ज्या डेटाबेसमध्ये नोंदवलेला असतो तिथे तुमचा पत्ता आणि फोन हवा, आणि तो आजचा हवा. असे डेटाबेस एक नाही, अनेक आहेत. आपला कुठला ते माहीत करून घ्यायचं आणि मांजर हरवल्याची नोंद तिथे करायची. मग जवळपासच्या सगळ्या व्हेटना फोन, प्राण्यांच्या निवारा संस्थांना फोन आणि काउन्सिललाही फोन. हा शेवटचा फोन जड जातो. १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार गाडीखाली कुत्रा, घोडा, गाढव, मेंढी, बकरी, डुक्कर आलं तर पोलिसांना कळवावं लागतं. मांजर त्या यादीत नाही. रस्त्यावरून उचललेल्या मांजरांची माहिती असलीच तर ती काउन्सिलच्या सफाई खात्याकडे. मी विचारलं. नव्हता. फोन ठेवल्यावर मी चहा केला आणि तो तसाच गार झाला.

शेवटचं काम म्हणजे दारं ठोठावणं. आपण परदेशात राहणारी माणसं आधी मेसेज केल्याशिवाय मराठी घरीसुद्धा जात नाही, मग अनोळखी दाराची गोष्टच सोडा. पण शेड मालकालाच उघडावी लागते. शनिवारी गवताचं यंत्र काढायला शेड उघडतात, मांजर आत शिरतं, कुलूप लागतं, पुढचा शनिवार येईपर्यंत कुणाला पत्ता नाही. आमच्या आणि मागच्या रस्त्यावरच्या साठेक घरांच्या बेल मी आणि बेननी वाजवल्या. एका पोलिश जोडप्याने स्वतःचं गॅरेज रिकामं करून दाखवलं. एका बाईंनी बोलता बोलता स्वतःच्या गेलेल्या मांजराचा फोटो आणून दाखवला. दिव्याच्या खांबांवर शिराचे फोटो लावून झाले.

खांबावर नंबर लावला की फोन येतात, त्यातले काही लबाडीचे. आठव्या दिवशी एकजण म्हणाला, "मांजर माझ्याकडे आहे, पेट्रोलचे २०० पौंड आधी पाठवा." अशा वेळी एकच करायचं. फोटोत न दिसणारी एक खूण मनात ठेवायची आणि तीच विचारायची. शिराच्या उजव्या मागच्या पंज्याची एक गादी काळी आहे, बाकी गुलाबी. "पायाखालचा रंग सांगा," म्हटल्यावर फोन बंद.

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, त्या पोलिश बाईंचा फोन आला. मागच्या रस्त्यावरच्या एका घराच्या खिडकीत केशरी बोका बसलेला त्यांनी पाहिला होता. घर आमच्या दारापासून दोनशे पावलांवर. आम्ही बेल वाजवली होती तेव्हा दार उघडलं नव्हतं. आणि शिराचा फोटो लावलेला एक खांब बरोबर त्या घरासमोर.

आमच्या घरात जुंपली ती इथे. हे म्हणाले, "सरळ १०१ ला फोन कर. ही चोरी आहे." कायदा यांच्या बाजूने असू शकतो. पूर्वी पाळीव प्राण्याची चोरी १९६८ च्या कायद्याखाली यायची, म्हणजे सायकल चोरली काय नि मांजर चोरलं काय, कलम तेच. ऑगस्ट २०२४ पासून इंग्लंडात आणि उत्तर आयर्लंडमध्ये कुत्रा-मांजर पळवणं हा वेगळा गुन्हा झाला आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्राणी म्हणजे नुसती वस्तू नव्हे, हे कायद्याने मान्य केलं, ते उत्तमच झालं. पण मांजर हिंडणारी जात. दारात आलेल्याला खाऊ घालणं आणि पळवून नेणं यांतली रेघ पुसट असते. पोलीस येतील तेव्हा येतील, तोवर दार मात्र कायमचं बंद होईल, असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "सकाळी मी जाते. नाही जमलं तर तुम्ही फोन करा."

शनिवारी सकाळी बेन आणि मी गेले. दार ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांनी उघडलं, काठी टेकत. मागे सोफ्यावर शिरा, जरा जाडच झालेला. "हा माझा जिंजर," आजोबा म्हणाले. "फटाक्यांच्या रात्री शेडखाली रडत होता. गळ्यात पट्टा नव्हता." मी मराठीत हाक मारली. शिराने एक डोळा उघडला, शेपटी हलवली आणि पुन्हा मिटला. हाकेवर मालकी ठरत नाही, हे तिथेच कळलं. मी तावातावाने काही बोलले नाही. चिपचा कागद दाखवला आणि म्हटलं, "आपण दोघं मिळून त्याला व्हेटकडे नेऊ. यंत्र सांगेल तसं करू." आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "थांबा, कोट घालतो."

स्कॅनरने पंधरा आकडे दाखवले. माझ्या कागदावरचेच. खरं म्हणजे चिपवरची नोंद ही देखभाल कोण करतं त्याची असते, मालकीचा अखेरचा पुरावा कायदा तिला मानत नाही. वाद वाढला असता तर खरेदीची पावती, लसीचं पुस्तक, जुने फोटो सगळं काढावं लागलं असतं. तशी वेळ आली नाही. आजोबांनी पंज्याखालची ती काळी गादी बोटाने एकदा दाबली आणि पिंजरा माझ्याकडे सरकवला.

त्यांनी खांबावरचा फोटो पाहिला होता का? रोज खिडकीत बसणाऱ्या माणसाला तो दिसला नसेल? हे यांनी मला विचारलं, मंडळातल्या अनेकांनी विचारलं. मी आजोबांना विचारलं नाही आणि विचारणारही नाही. पाहिला असेल तर त्या घरात मांजराची गरज किती होती, एवढंच त्यातून कळतं. पण हेही खरं की त्या सोळा दिवसांत माझ्या लेकीने रोज रात्री फोनवर एकच प्रश्न विचारला, आणि तो त्रास कुणामुळे लांबला असेल तर ते लहान नाही. दोन्ही गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. डिसेंबरात मी आजोबांना निवारा संस्थेचा फोन नंबर दिला. आता त्यांच्याकडे एक म्हातारी काळी मांजरी आहे, तिचीही चिप झाली आहे.

तर मंडळी, हा अंक हातात पडेल तेव्हा फटाके सुरू झालेच असतील, म्हणून थोडक्यात. अंधार पडायच्या आत मांजर घरात घ्या आणि मांजरदार बंद करा. पूजेला पाहुणे येणार असतील तर त्याला वरच्या खोलीत अंथरूण, पाणी आणि मातीचा ट्रे देऊन दारावर चिठ्ठी लावा. चिपवरचा फोन नंबर आजच तपासा, घर बदललेल्यांनी तर नक्कीच. अंगावरची एक गुप्त खूण लिहून ठेवा. आणि तुमच्याच दारात अनोळखी मांजर रोज यायला लागलं, तर नाव ठेवायच्या आधी त्याच्या गळ्यात कागदाचा सैल पट्टा चिकटवा, जोर लागला की फाटेल असा. त्यावर लिहा, "मी कुणाचा आहे का? या नंबरवर कळवा." दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर व्हेटकडे न्या, सहसा फुकट स्कॅन करतात.

शुभ दीपावली. शेडला कुलूप लावण्याआधी आत एकदा वाकून बघा.