विश्लेषण : शब्दार्थ पाठ, तरी इंग्रजी का अडते? अवांतर वाचनाने काय साधते?

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास २००० मध्ये सुरुवात झाली. तरीही दहावी झालेल्या अनेकांना इंग्रजी बातमी सलग वाचताना अडखळायला होते. या प्रश्नाचे एक उत्तर फिजीतील ग्रामीण शाळांत मिळते.

फिजीत काय घडले?

तेथेही इंग्रजी ही मुलांची घरची भाषा नव्हती. १९८०च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या अभ्यासकांनी चौथी-पाचवीच्या मुलांना २५० सचित्र गोष्टींची पुस्तके उपलब्ध करून दिली. काही वर्गांत शिक्षकांसह एकत्र वाचन होई, काहींत मुले आपापली वाचत. तुलनेसाठीच्या वर्गांत नेहमीचेच शिक्षण सुरू राहिले. पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचन आणि श्रवण-आकलनातील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली. दुसऱ्या वर्षी हा फायदा इतर भाषिक कौशल्यांतही दिसला.

शब्द कसे रुजतात?

‘रन’ म्हणजे धावणे, हे पाठ असते. पण दुकान चालवणे, नळाचे पाणी वाहणे, साखर संपणे यासाठीही इंग्रजीत हाच शब्द येतो. एवढे सारे शब्दार्थांच्या वहीत मावत नाही. वेगवेगळ्या गोष्टींत तोच शब्द पुन:पुन्हा भेटला, की त्याचे अर्थ आणि सोबतीचे शब्द लक्षात राहतात. वर्षाला एकच पाठ्यपुस्तक वाचून अशा भेटी पुरेशा होत नाहीत.

कोणते पुस्तक निवडावे?

भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या मते, मजकूर विनासायास समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे ५० शब्दांत एखादाच नवा. त्यामुळे थेट जाडजूड कादंबरी किंवा अग्रलेख हाती देणे उपयोगाचे नाही. सोप्या गोष्टींपासून पायरीपायरीने वर जावे, मग वयाने मोठ्या वाचकानेही बालपुस्तके वाचण्यात कमीपणा मानू नये.

केवळ वाचन पुरेसे आहे का?

नाही. उच्चारांसाठी ऐकणे आणि बोलण्यासाठी प्रत्यक्ष बोलणेच लागते. नेमके शब्द मुद्दाम शिकवले, तर ते लवकर लक्षात येतात. वाचन ते टिकवते.

अडचण कुठे आहे?

पुस्तके मिळणे आता तितके अवघड नाही. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून इंग्रजी-मराठी गोष्टी मोफत आहेत. खरी टंचाई वेळेची आहे. वेळापत्रकात वाचनाचा तास नसेल आणि वाचलेल्यावर लगेच परीक्षा घेतली जात असेल, तर शाळेतील पुस्तके कपाटातच राहतात.